नुसतं पाहिल्याचे पैसे

सत्याला मोल नसतं, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. वाक्य मोठं उदात्त आहे. पण ते बाजारात नेऊन उभं केलं की त्याचा भलताच अर्थ निघतो. ज्याला मोल नाही ते फुकट मिळालं पाहिजे, असा लोक सरळ हिशेब करतात. आमच्या रावेरला केळीचा क्विंटलचा भाव रोज निघतो. तो पटला नाही तरी निदान कळतो. सत्याचा भाव मात्र अजून कुठल्याही फळ्यावर खडूनं लिहिलेला मी पाहिलेला नाही. तत्त्वज्ञांनी सत्य म्हणजे काय यावर दोन-अडीच हजार वर्षं वाद घातला. ते सांगणाऱ्याच्या हातावर किती ठेवायचे, हा प्रश्न तेवढा शिताफीनं टाळला. बहुतेकांच्या जेवणाची सोय दुसरीकडे लागलेली असावी.

मला हा प्रश्न पडला तो लॅपटॉपच्या चार्जरमुळे. तुम्ही म्हणाल, तत्त्वज्ञानाचा आणि चार्जरचा संबंध काय? संबंध चार्जरच्या जुन्या वायरीसारखाच आहे. मधेच तुटतो, पण नीट धरला तर दिवा लागतो.

रावेर म्हणजे केळी. भुसावळहून खंडव्याकडे जाणाऱ्या गाडीत खिडकीशी बसलात तर एका अंगाला सातपुडा, दुसऱ्या अंगाला लांब कुठेतरी तापी आणि मधल्या काळ्या जमिनीत हिरवेगार बाग दिसतील. २०१६ साली जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं. आमच्या उन्हाळ्याला असलं कुठलंच मानांकन नाही, तरी तो केळीपेक्षा जास्त प्रसिद्ध आहे. मे महिन्यात पारा ४५च्या आसपास घुटमळायला लागला की माणसं बोलणंसुद्धा काटकसरीनं करतात.

अशा गावात लॅपटॉप पूर्वीही होते, पण हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. २०२०च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि पुण्या-मुंबईला गेलेली पोरं पाठीवर काळ्या पिशव्या घेऊन गावी परतली. कोणी धाब्याच्या खोलीत, कोणी माळ्यावर, कोणी चक्क केळीच्या बागेतल्या शेडमध्ये बसून अमेरिकेतल्या बँकांचे हिशेब करू लागलं. पुढे टाळेबंदी गेली, बरीच पोरंही गेली, पण काही राहिली आणि त्यांच्याबरोबर एक नवं वाक्य गावात कायमचं राहिलं : "चार्जच होत नाही!"

लॅपटॉप चार्ज होत नाही म्हटलं की आमच्याकडे आधी निदान होतं आणि मग तपासणी. आजीच्या मते दृष्ट लागलेली असते. काकांच्या मते लाइन कमी-जास्त झालेली असते. वडिलांच्या मते रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागल्यावर दुसरं काय होणार! पोराच्या मते चार्जर गेलेला असतो, कारण चार्जर गेला तर बापाकडून नवा मागता येतो. नीट पाहिलं तर या सगळ्या निदानांमध्ये एक सूत्र आहे. जी वस्तू आपण सांभाळत नाही, दोष तिच्यात असतो. काकांनी कधी दृष्टीवर संशय घेतलेला नाही आणि आजीनं कधी लाइनवर.

आता या यंत्राचा मामला थोडक्यात सांगून टाकतो. भिंतीतली वीज असते २३० व्होल्टची आणि सेकंदाला ५० वेळा मागेपुढे डोलणारी. लॅपटॉपला हवी असते साधारण १९-२० व्होल्टची, एकाच दिशेनं शाळेच्या रांगेसारखी चालणारी. हे शिस्तीचं काम अडॅप्टर नावाचा काळा डबा करतो, आणि शिस्त लावणाऱ्या कुठल्याही मास्तरासारखा तापतो. म्हणजे भिंतीतला सॉकेट, तिथून डब्यापर्यंतची जाड वायर, डबा, डब्यापासूनची बारीक वायर, तिच्या टोकाची पिन, पिन शिरते ती खोबण, आतलं सर्किट आणि शेवटी बॅटरी, असे हे आठ टप्पे झाले. सरकारी फाइल जशी आठ टेबलांवरून जाते तसंच. फरक एवढाच, की फाइल कुठे अडली हे आठही टेबलांना माहीत असतं. इथे विचारून सांगणारं कोणी नाही. एकेका टेबलाशी जाऊन पाहावं लागतं.

पाहायचं कसं, याला एकच नियम आहे. एका वेळी एकच गोष्ट बदला. सॉकेटमध्ये आधी टेबलावरचा दिवा लावून पाहा. डब्यावर बारकासा दिवा असेल तर तो लागतो का पाहा. एरवी लागतो आणि लॅपटॉपला जोडताच विझतो, तर लॅपटॉपच्या आत कुठेतरी शॉर्ट आहे आणि डब्यानं अब्रू वाचवायला हात आखडता घेतला आहे. पिनेच्या मानेशी वायर वाकवल्यावर चार्जिंग येत-जात असेल, तर तिथल्या आतल्या तारा तुटल्या. खोबणीत कचरा साचला असेल तर यंत्र बंद करून, चार्जर काढून, कोरड्या लाकडी काडीनं हलक्या हातानं काढा. तरीही काही नाही, तर चार्जर काढलेला असतानाच सुरू करायचं बटण वीस-तीस सेकंद दाबून धरा. आतली उरलीसुरली वीज निघून जाते आणि यंत्र नव्यानं विचार करायला लागतं. हा उपाय माणसांनाही लागू पडला असता, पण त्यांचं बटण देवानं कुठे बसवलं आहे ते कळत नाही.

आमच्याकडे मात्र एकाच दिवशी चार्जर बदलतात, बोर्ड बदलतात आणि मीठ-मोहऱ्याही ओवाळून टाकतात. संध्याकाळी यंत्र सुरू झालं की कशामुळे झालं ते कळायला मार्ग नसतो. श्रेय अर्थातच मोहऱ्यांना जातं.

दुसऱ्याचा चार्जर लावायचा झाला तर त्याच्या पाठीवरचा बारीक मजकूर वाचावा लागतो. समजा लिहिलं आहे, १९.५ व्होल्ट, ३.३४ अँपिअर. गुणाकार केला की ६५ वॉट होतात. व्होल्ट म्हणजे पंगतीत वाढणाऱ्याचा आग्रह. तो ठरल्यापेक्षा जास्त झाला तर खाणारा आजारी पडतो. अँपिअर म्हणजे पातेल्यात किती आहे ते. पातेलं मोठं असलं म्हणून कोणाचं काही बिघडत नाही. खाणारा लागेल तेवढंच घेतो. पातेलं लहान असलं तर मात्र पंगत अर्धपोटी राहते आणि वाढणाऱ्याला घाम फुटतो. म्हणून व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त.

नव्या टाइप-सी पिनेच्या यंत्रांत तर आधी रीतसर बैठक होते. डबा सुरुवातीला फक्त पाच व्होल्ट देतो आणि सांगतो, माझ्याकडे नऊ आहेत, पंधरा आहेत, वीस आहेत. लॅपटॉप म्हणतो, आम्हांला वीसच हवेत. जमलं तर मांडव, नाही जमलं तर पाव्हणे चहा पिऊन परत. फोनचा चार्जर लावल्यावर लॅपटॉप ढिम्म राहतो तो यामुळे. त्यात बिघाड काही नसतो. देण्याघेण्यावरून मोडलेलं असतं.

दोष नक्की कुठे आहे, हा वाद बॅटरीच्या जन्माइतकाच जुना आहे. किंबहुना बॅटरीचा जन्मच त्या वादातून झाला. इटलीत बोलोन्याला गॅल्व्हानी नावाचे शरीरशास्त्राचे प्राध्यापक होते. मेलेल्या बेडकाच्या तंगडीला दोन वेगळ्या धातूंचा स्पर्श झाला की तंगडी उडते, असं त्यांना दिसलं. १७९१ साली त्यांनी जाहीर केलं, की वीज बेडकात आहे. व्होल्टा नावाच्या दुसऱ्या प्राध्यापकांनी आधी मान डोलावली आणि मग म्हटलं, छे, वीज धातूंत आहे, बेडूक बिचारा नुसता साक्षीदार. भांडण वर्षानुवर्षं चाललं. शेवटी व्होल्टांनी एका वेळी एकच गोष्ट बदलायच्या नियमाला अनुसरून बेडूकच काढून टाकला. जस्त आणि चांदीच्या चकत्या, मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेले तुकडे, अशी चळत रचली. बेडूक नसतानाही वीज आली! ते साल १८००. जगातली ती पहिली बॅटरी.

गॅल्व्हानींना ती पाहायला मिळाली नाही. ते १७९८ मध्येच वारले. त्याच वर्षी नव्या राजवटीला निष्ठेची शपथ घ्यायचं नाकारल्यामुळे त्यांची नोकरीही गेली होती. गंमत म्हणजे प्राण्यांच्या शरीरात वीज असते हेही पुढे खरं ठरलं. आपल्या मज्जातंतूंचा कारभार तिच्यावरच चालतो. दोघंही थोडे थोडे बरोबर होते. आणि दोघांचंही मुख्य काम काय, तर पाहणं. आपल्या तंगडीचं काय झालं हे पाहिल्याबद्दल बेडकानं त्यांना काही दिलं नसेल. पण विद्यापीठ पगार देत होतं. नुसतं पाहायला पगार देणारं कोणीतरी होतं म्हणून आज आपल्या खिशात, मांडीवर आणि मोटारीत बॅटरी आहे.

आमच्या बसस्टँडच्या बाजूला एका टपरीवजा दुकानात जो पोरगा बसतो, त्याला पाहायला पगार देणारं कोणी नाही. पॉलिटेक्निक झालेला, पंचविशीतला. समोर मल्टिमीटर, बारीक पेचकसांचा डबा, डोक्यावर कुरकुरणारा पंखा. मी नोकरीतून निवृत्त असल्यामुळे गावात कोणाचंही काही बिघडलं की मला सोबतीला नेण्याची पद्धत पडली आहे. त्यामुळे त्या दुकानातलं बाकडं मला चांगलं परिचयाचं आहे, आणि तिथे मी जे पाहिलं त्यावरच हा सगळा विचार उभा आहे.

एकदा एक केळीचे व्यापारी आले. लॅपटॉप मेलाय म्हणाले. पोरानं भिंगातून खोबणीत पाहिलं, लाकडी काडी घातली आणि आतून कापसाच्या बोंडाएवढा नाही, पण बोंडअळीएवढा कचरा काढला. दिवा लागला. चार मिनिटांचं काम.

"किती झाले?"

"द्या पन्नास रुपये."

"काडी घालायचे पन्नास?"

"काडी फुकट आहे, भाऊ. कुठं घालायची त्याचे पन्नास."

व्यापाऱ्यांनी वीस ठेवले आणि भरपूर हसले. दानधर्म केल्याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

आमच्या ओळखीतले दुसरे एक गृहस्थ अशीच तक्रार घेऊन मोठ्या शहरात गेले होते. तिथे कोणी काही पाहिलं नाही. बॅटरी गेली म्हणून सांगितलं आणि साडेतीन हजारांची नवी बसवली. ती बसवताना खोबण आपोआप साफ झाली असणार. गृहस्थ एकदम खूष. बिल छापील होतं, हमीचा कागद होता आणि जुनी बॅटरी पिशवीत घालून परत दिली होती. ती त्यांनी पुढे आठ दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवली. पैसे कुठे गेले ते दाखवायला हातात काही असलं की माणसाला ठकवलं गेल्यासारखं वाटत नाही. शंभर रुपये देऊन 'काही झालेलं नाही' एवढं वाक्य घरी आणलं, तर ते बायकोला दाखवायचं कसं?

पण माझा प्रश्न खरा धारेला लागला तो आमच्या शेजारच्या नानांमुळे. नानांची सून पुण्याच्या एका कंपनीचं काम घरी बसून करते. मे महिन्यात दुपारी तिचा लॅपटॉप चार्ज व्हायचं थांबला. पडद्यावर अक्षरं यायची, प्लग जोडलेला आहे, चार्जिंग होत नाही. नाना, मी आणि लॅपटॉप, असे तिघं दुकानात गेलो. पोरानं मीटर लावून डबा तपासला, व्होल्ट बरोबर. दुसरा डबा लावून पाहिला, तेच. बॅटरीचा अहवाल काढला. मूळ क्षमता किती आणि आता पूर्ण भरल्यावर किती उरते, हे यंत्र स्वतःच सांगतं, तेही ठीक. तोवर पंख्याखाली यंत्र जरा निवलं होतं. चार्जिंग सुरू झालं.

"यंत्र कोठी ठेवता, नाना?"

"वरच्या खोलीत. पत्र्याची हाये."

"मग काही झालेलं नही. दुपारी खाली आणून वापरा, नही तर रात्री आठनंतर चार्जिंगला लावा."

त्याचं म्हणणं सोळा आणे खरं होतं. या बॅटऱ्या लिथियमच्या. आतले लिथियमचे आयन चार्ज होताना एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे जातात आणि वापरताना परत येतात. पुण्याला गेलेली पोरं दिवाळीला येतात तशी. १९९१ मध्ये या बॅटऱ्या बाजारात आल्या आणि २०१९ मध्ये त्यांच्यासाठी तिघांना नोबेल पारितोषिक मिळालं. त्यांतले गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते. त्यांची बॅटरी कुठल्या कंपनीची, ते मात्र त्यांनी कोणाला सांगितलं नाही. तर या लिथियमला उष्णता सोसत नाही. साधारण ४५ अंशांच्या वर बॅटरी गेली की ती भरणं धोक्याचं, म्हणून आतलं सर्किट दरवाजा लावून घेतं. पत्र्याखाली, आमच्या मे महिन्यात, दुपारी दोन वाजता त्यानं दुसरं काय करायचं? रावेरमधला प्रत्येक शहाणा माणूस त्या वेळी तेच करतो. चार्जर निर्दोष होता, बॅटरी निर्दोष होती, लाइन निर्दोष होती. गुन्हेगार वैशाख होता, आणि त्याला बदलून मिळत नाही.

पोरानं शंभर रुपये मागितले. नाना उठून उभे राहिले.

"कशाचे शंभर? काही झालेलं नही म्हणतोस ना?"

"पाह्यलं ना, नाना. अर्धा तास पाह्यलं."

"अरे, नुसतं पाह्यल्याचे कोणी पैसे मागतं का?"

आणि नाना पैसे न देता निघाले. घरी येईपर्यंत ते मला समजावत होते, आणि त्यांचं म्हणणं मला सहज मोडता येईना. ते म्हणाले, "मास्तर, माझी बाग मागं वादळानं आडवी झाली. वर्षभर पाणी दिलं, खत दिलं, घड लागले. एका रात्रीत सपाट. मले कोणी विचारलं का, की नाना, तुमच्या मेहनतीचे किती झाले? माल निघाला तर पैसा. नही निघाला तर नशीब. मग त्याले काही निघालं नही, तर त्याले पैसा कशाचा?"

याला उत्तर काय द्याल? ज्याच्या स्वतःच्या कष्टाला जगानं कधी दाम दिलं नाही, तो दुसऱ्याच्या नजरेला दाम द्यायला तयार होत नाही. आणि त्याला कंजूष म्हणणाऱ्यानं आधी केळीचं एक वर्ष काढून पाहावं. पण एकावर झालेला अन्याय दुसऱ्यावर केला म्हणून फिटतो का? फिटत नाही, फक्त आता दोघंजण होतात.

शिवाय नाना म्हणतात तितकं जग रोकडं नाही. नानांनीच दोन वर्षांपूर्वी बोअरसाठी पाणाड्या आणला होता. तो तळहातावर नारळ आडवा ठेवून सगळ्या शेतातून फिरला. एके ठिकाणी नारळ उभा राहिला. त्यानं काय केलं? पाहिलं! त्याला पैसे मिळाले, नारळ मिळाला, वर जेवणात वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी मिळाली. बोअर कित्येक फूट खाली गेली आणि नुसती धूळ वर आली. पाणाड्याकडे पैसे परत मागायचं कोणाच्या मनातसुद्धा आलं नाही. म्हणजे नुसतं पाहिल्याचे पैसे आपण देतो. फक्त पाहणाऱ्यानं 'इथे आहे' म्हणायला हवं. 'इथे काही नाही' म्हणणाऱ्याला आपण चहा पाजतो, तोही अर्धा.

डॉक्टरांचंही तेच. ज्यांनी सुई टोचली, ते डॉक्टर चांगले. ज्यांनी छाती तपासून सांगितलं, काही नाही, दोन दिवस पेज घ्या आणि पडून राहा, त्यांची फी आपल्याला टोचते. मग डॉक्टर तरी काय करतील? सुई ठेवतील.

इथे या प्रश्नाची खरी मेख आहे. पाहणं फुकट ठरलं, तर पाहणाऱ्याला आपलं पोट दुसऱ्या कशावर तरी भरावं लागतं; म्हणजे विकण्यावर. बॅटरी विकली तर सहाशे-सातशे सुटतात, चार्जर विकला तर दोनशे, आणि खरं सांगितलं तर वीस रुपये आणि एक विनोद. अशा हिशेबात दर दहा गिऱ्हाइकांमागे एक जरी चांगली बॅटरी 'गेली' म्हणून सांगितली, तरी महिन्याचं भाडं निघतं. यात तो पोरगा लबाड व्हायची गरजच नाही. आपण सगळे मिळून त्याला हप्त्याहप्त्यानं लबाड करतो आहोत, आणि वर खासगीत म्हणतो, हल्ली प्रामाणिक माणूस मिळत नाही हो! मिळतो. वीस रुपयांत टिकत नाही, एवढंच. जो पाहण्याचे पैसे देत नाही, तो खोट्या निदानाची आगाऊ मागणी नोंदवतो. माल पुढे घरपोच येतो आणि बिलात लपलेला असतो.

त्या पोराचीही याच वळणावर ओढाताण चालली होती. बापाचं म्हणणं, दुकान बंद कर आणि पुण्याला जा. मित्राचं म्हणणं, पुण्याला जाऊ नको, बॅटऱ्या ठेव. आलेल्या प्रत्येकाला दाखव. एक-दोनदा तो स्वतःच मला म्हणाला, "सर, खरं सांगितलं की गिऱ्हाईक रागावतं. खोटं सांगितलं की थँक्यू म्हणतं. मग मी शिकलो कशाले?" शिक्षकानं अशा वेळी सुविचार सांगायचा असतो. मला माहीत असलेले सगळे सुविचार फुकट होते आणि त्याला भाडं भरायचं होतं. तेव्हा मी गप्प बसलो.

पुढच्या सोमवारी दुकानावर पाटी लागली : 'पाहण्याचे १०० रुपये. काही निघालं नाही तरी.' गावात आठवडाभर दुसरा विषय नव्हता. काही जण मुद्दाम दुकानासमोर उभं राहून पाटीकडे पाहायचे आणि विचारायचे, "याचे किती?" एकानं लग्नाच्या मुलाला सल्ला दिला, पोरगी पाहायला जाताना खिशात शंभर ठेव. गिऱ्हाईक निम्म्यावर आलं. पंख्याची कुरकुर तेवढी पहिल्यासारखीच राहिली.

अशातच एक शाळेच्या बाई आल्या. नानाही तेव्हा तिथे होते. शंभर रुपये द्यायला नव्हे, पाटी खरंच लागली आहे की अफवा ते पाहायला. बाईंना नवा चार्जर हवा होता. जुन्यानं चार्जिंग नीट होत नाही, नवा द्या, घाई आहे, असं म्हणून त्यांनी पैसेही पुढे केले. पोरानं लॅपटॉप हातात घेतला, बाजूनं डोळ्यांशी आडवा धरून पाहिला आणि टेबलावर अलगद ठेवला. बोटानं फिरवायची चौकोनी पट्टी खालून उचलली गेली होती. झाकण मधून फुगलं होतं.

"बाई, चार्जर देत नही."

"म्हणजे? पैसे देतेय ना मी!"

"बॅटरी फुगली आहे. आत गॅस धरलाय. चार्जर बदलून हे बरं होणार नही. आता हिला चार्जिंगला लावू नका, दाबू नका, टोचू तर अजिबात नका; पेट घेते. ही आधी काढावी लागंल."

बाई रोज रात्री तो लॅपटॉप चार्जिंगला लावून उशाशी ठेवत होत्या. शेजारी लेकरू झोपलेलं. त्या खुर्चीवर बसल्या. पोरानं सावकाश चारी बाजूंचे पेच काढून बॅटरी बाहेर घेतली, मोकळ्या जागी एका पत्र्याच्या डब्यात वाळूवर ठेवली आणि नुसत्या चार्जरवर यंत्र चालवून दाखवलं. नवी बॅटरी हवी तर मागवून देतो, नाही तर दुसरीकडून घ्या, म्हणाला. आणि पाटीकडे बोट दाखवून शंभर रुपये घेतले. बाईंनी घासाघीस केली नाही.

नाना हे सगळं बाकड्यावर बसून पाहत होते. रस्त्यानं परतताना बराच वेळ बोलले नाहीत; मग म्हणाले, "त्यानं चार्जर विकला असता तर दोनशे सुटले असते ना?"

"सुटले असते."

"आणि बाईंचा त्याच्यावर विश्वास बसला तो का?"

मी काही बोललो नाही. उत्तर नानांच्या तोंडात तयार होतं. "बसला, कारण तो विकतच नव्हता."

मला वाटतं, 'काही झालेलं नाही' या वाक्याची किंमत इथे कळते. ज्याच्या तोंडातून ते वाक्य निघू शकतं, त्याच्याच तोंडच्या 'झालेलं आहे' या वाक्याला वजन असतं. प्रत्येक लॅपटॉपमध्ये बिघाड सांगणाऱ्यानं एखाद्या दिवशी खरा बिघाड सांगितला, तर तो ऐकणार कोण? त्या दिवशी लेकराच्या उशाशी काय असेल सांगता येत नाही. आपण शंभर रुपये देतो ते आजच्या 'नाही'चे नसतात. उद्याच्या 'हो'वर विश्वास ठेवता यावा म्हणून भरलेला तो हप्ता असतो. विम्याचा हप्ता भरून माणूस मेला नाही, म्हणून पैसे परत मागायला आजवर कोणी गेलेलं नाही.

याच्यावरही नानांचा मूळ प्रश्न शिल्लक राहतो, हे मला मान्य आहे. आडव्या झालेल्या बागेतल्या मेहनतीचे पैसे कोण देणार? ते मला सांगता येत नाही, आणि ज्यांनी सांगायला हवं ते पाहणी करून जातात. त्यांना पाहण्याचा भत्ता मिळतो. पण निदान जिथे देणं आपल्या हातात आहे तिथे तरी हात आखडू नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना एकटेच दुकानात गेले. वैशाखातले शंभर रुपये त्यांनी काउंटरवर ठेवले. पोरगा म्हणाला, राहू द्या नाना, जुनं झालं. नाना ऐकेनात. उलट म्हणाले, "पावती दे. घरी दाखवाले काहीतरी लागतं."

पोरानं पावतीपुस्तक काढलं. नाव लिहिलं, तारीख लिहिली आणि पेन थांबवून विचारलं, "कशाबद्दल लिहू?"

नानांनी क्षणभर विचार केला.

"लिही, काही झालेलं नही."